टॉर्क कन्व्हर्टर बसवताना ‘खट’ मोजू नका, खोली मोजा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स परत चढवताना घात होतो तो बहुतेक एकाच ठिकाणी. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा, पूर्ण आत गेलेला नसतो आणि बसवणाऱ्याला मात्र गेला असं वाटतं.

आधीची कामं थोडक्यात. गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या तेलपंपाचं ऑइल सील नवं टाका. हबवरून, म्हणजे कन्व्हर्टरच्या मागच्या नळीवरून, नख फिरवून पाहा, नख अडकेल असा चरा असेल तर तो कन्व्हर्टर वापरू नका. कन्व्हर्टरच्या आत लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओता, तेच हबला आणि सीलच्या ओठाला चोळा.

आता खरं काम. कन्व्हर्टर तीन जागी बसावा लागतो: आतल्या टर्बाइन या पात्यांच्या चाकाचे आटे (स्प्लाइन, म्हणजे उभे दाते) गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर, स्टेटर या दुसऱ्या चाकाचे आटे त्याभोवतीच्या स्थिर नळीवर आणि शेवटी हबच्या खाचा पंपाच्या आतल्या गिअरमध्ये. पहिले दोन सहज बसतात, फसवतो तो तिसरा. त्यामुळेच ‘तीनदा खट वाजलं की झालं’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. कधी दोन टप्पे एकदमच बसतात आणि एकच आवाज येतो. कधी नुसते आटे घासल्याचा आवाज तिसरा म्हणून मोजला जातो.

मी स्वतः असाच फसलो आहे. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) आणि इंजिन यांच्यात बोटभर फट राहिली होती. बोल्ट आवळले की मिटेल, असं समजून मी ती पान्याने ओढून घेतली. इंजिन सुरू होताच कर्कश आवाज आला आणि गाडी जागची हलली नाही. उघडलं तर पंपाचा गिअर फुटलेला, आणि त्याचा चुरा तेलातून सगळीकडे पोचलेला. अख्खा गिअरबॉक्स पुन्हा खोलावा लागला. तेव्हापासून एक नियम कटाक्षाने पाळतो: बेलहाउसिंग हाताने टेकली पाहिजे. टेकत नसेल तर बोल्टला हात लावायचा नाही, गिअरबॉक्स मागे घ्यायचा.

शक्य असेल तर गिअरबॉक्स उभा करा, तोंड वर. पंपाच्या गिअरचे कान कुठे आहेत ते पाहून हबच्या खाचा त्या दिशेला आणा. मग कन्व्हर्टर सावकाश फिरवत राहा. दाबू नका, स्वतःच्या वजनाने तो आत उतरतो. गिअरबॉक्स आडवा असेल तर एका हाताने वजन पेललंच पाहिजे, नाहीतर हब लोंबकळून नवं सील कापतो.

मग स्टीलची सरळ पट्टी बेलहाउसिंगच्या तोंडावर आडवी ठेवा आणि तिथपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या बैठकीपर्यंतची खोली मोजा. इंजिनाच्या बाजूला फ्लेक्सप्लेट (क्रँकवरची पातळ चकती, हिलाच कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) ब्लॉकच्या तोंडापासून किती बाहेर आली आहे तेही मोजा. खोलीतून हे माप वजा केलं की मोकळी जागा मिळते. बहुतेक गाड्यांत ती 3 मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. शून्य किंवा उणे आलं, तर पंपाची खाच बसलेलीच नाही.

उचलताना कन्व्हर्टर पट्टीने बांधा आणि गिअरबॉक्सची शेपटी किंचित खाली ठेवा. गिअरबॉक्स पुढे झुकला तर कन्व्हर्टर सरकून बाहेर येतो आणि मोजलेलं सगळं फुकट जातं.

डॉवेल पिना (गिअरबॉक्स आणि इंजिन नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना ते पाहून गिअरबॉक्स जोडा. बेलहाउसिंगचे बोल्ट आवळून झाल्यावरही कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटकडे पुढे ओढता आला पाहिजे. त्याचे बोल्ट मूळचेच वापरा. लांब बोल्ट कव्हरला आतून फुगवटा आणतो आणि आतल्या लॉकअप क्लचची (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जखडणाऱ्या क्लचची) बैठक बिघडते. सगळे आधी हाताने लावा, क्रँक फिरवत एकेक आवळा.

एटीएफ भरा, इंजिन सुरू करा आणि पातळी मॅन्युअलप्रमाणे तपासून पुन्हा भरा. सुरू करताच कर्कश आवाज आला, तर त्याच क्षणी किल्ली बंद करा.