चिनारला निघताय? आधी प्लेट दाखवा

यंदा आपल्या कॅमेरावाल्यांतले पाच-सहा जण ‘हरुद’ टिपायला काश्मीरला निघालेत असं ऐकलं. हरुद म्हणजे तिकडची पानगळ, चिनारची झाडं लाल होतात ते दिवस. जा, जरूर जा. पण मी जे करून बसलो ते करू नका, म्हणून हे लिहितोय. क्रम माझ्या डोक्यातला आहे, सोयीचा असेलच असं नाही.

पहिली वस्तू: ट्रायपॉडची प्लेट. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने लावतात आणि ट्रायपॉडच्या हेडमध्ये, म्हणजे वरच्या पकडीत, खटकन बसते ती, दोन बोटांएवढी. मी गेल्या खेपेला ट्रायपॉड इंदूरहून श्रीनगरपर्यंत खांद्यावर वाहून नेला. प्लेट मात्र लोकमान्य नगरातल्या घरी, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या बुडाला. आदल्या रविवारी भाच्याच्या मुलीचं बारसं होतं, त्याच्या व्हिडिओसाठी ती तिकडे लावली आणि तिथेच राहिली. तीन किलो शेव लक्षात राहिली, लसूणची वेगळी, लवंगेची वेगळी. चाळीस-पन्नास ग्रॅमची प्लेट नाही.

‘तिथे मिळेल की’ असं आताच कोणीतरी मनात म्हणालं असेल. नाही मिळत. म्हणजे मिळते, पण आपली नाही मिळत. प्लेटा दहा तऱ्हेच्या असतात. आर्का पद्धतीची असेल तर निदान आशा आहे, कारण ती बऱ्याच हेडमध्ये बसते. कंपनीची स्वतःची चौकोनी-षट्कोनी असेल तर विसरा. लाल चौकाच्या आसपास तीन दुकानं हिंडलो. तिसऱ्याने चहा पाजला, प्लेट नव्हती. मग हेडच काढून कॅमेरा थेट पायांवर बसवायचं डोकं लढवलं, तर खालचा स्क्रू तीन अष्टमांश इंची आणि कॅमेऱ्याचं भोक पाव इंची. यासाठी एक छोटा ॲडॉप्टर मिळतो, खाली तीन अष्टमांश इंची भोक आणि वर पाव इंची स्क्रू. तोही घ्या. दोन प्लेटा आणि एक ॲडॉप्टर. एक प्लेट आजच, आत्ता, हे वाचता वाचता कॅमेऱ्याला लावा आणि घरी परत येईपर्यंत काढू नका. दुसरी पाकिटात, नोटांच्या बरोबर. आणि ती आवळायची ॲलन की, म्हणजे षट्कोनी टोकाची वाकडी किल्ली. नाणं चालत असेल तर नाणं, पण आधी घरी चालवून बघा.

आता तारखा. सोनमर्ग-पहलगामकडे, उंचावर, ऑक्टोबरच्या मध्यालाच पिवळं होऊ लागतं. खाली खोऱ्यात चिनार उशिरा पेटतो: ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचे पहिले आठ-दहा दिवस. आधी पिवळा, मग नारिंगी, मग तो तांबडा, मग तपकिरी. रात्री थंड आणि दिवस उन्हाचे असले की लाल चढतो, कारण हिरवं द्रव्य मोडत असताना पानात अडकलेल्या साखरेपासून लाल रंग बनतो. पिवळा पानात आधीपासून असतोच, फक्त हिरव्याखाली झाकलेला. एका रात्रीच्या पाऊस-वाऱ्यात अर्धं झाड जमिनीवर येतं, म्हणून दोन दिवसांची सहल आखू नका. निदान पाच सकाळी हाताशी ठेवा. दिवाळी कधी कधी नेमकी याच दिवसांत येते. ते ज्याचं त्याने घरी मिटवावं.

डेन्व्हरला आमचा मावसभाऊ असतो. तो दर सप्टेंबरअखेर ॲस्पेनचे फोटो पाठवतो, अख्खा डोंगर एकाच दिवशी सोन्याचा. ते तिथे होतं, कारण ॲस्पेनचं जंगल बऱ्याचदा एकाच मुळातून फुटलेलं असतं. युटामधलं ‘पांडो’ तर १०६ एकरांवर पसरलेलं, सत्तेचाळीस हजारांच्या आसपास खोडांचं, पण एकच झाड. चिनारचं तसं नाही, प्रत्येक झाड आपल्या मर्जीचं. एक लाल, शेजारचा अजून हिरवागार. पहिल्या दिवशी हिरवा दिसला म्हणून तोंड पाडून बसू नका, दुसऱ्या बागेत जा. ॲस्पेनची हौस असेल तर तिचे खरे भाऊबंद तिथले सफेदे. इथे नीलगिरीला सफेदा म्हणणारे आहेत, तो नव्हे. काश्मिरात सफेदा म्हणजे पॉपलर, ॲस्पेनच्याच कुळातला. लोक त्याला ‘रशियन सफेदा’ म्हणतात आणि झाड मूळ अमेरिकेचं. असो.

जायचं कसं? मालवा एक्सप्रेसने कटऱ्यापर्यंत, तिथे मुक्काम, सकाळी वंदे भारतने सुमारे तीन तासांत श्रीनगर. ही सोय २०२५च्या जूनपासून झाली. चिनाब पुलाचा फोटो गाडीतून काढीन अशा भ्रमात राहू नका: कटरा ते बनिहाल १११ किलोमीटर, त्यातले ९७ बोगद्यात. पूल नदीपासून ३५९ मीटर उंच आहे खरा, पण आतून बघता बघता निघून जातो. काझीगुंडच्या पुढे मात्र डोळे उघडे ठेवा, सफेद्यांच्या रांगा सुरू होतात. सामान तपासणीत वेळ जातो, लवकर पोचा. विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. ड्रोन घरी ठेवा. सैनिक, चौक्या, बंकर यांच्याकडे कॅमेरा वळवू नका, गंमत म्हणूनही नाही.

सिम: बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिथे चालत नाही. पोस्टपेड लागतं. एवढं पुरे.

कपडे सांगायला नको. नोव्हेंबरच्या पहाटे दोन-चार अंशांवर जातं, आपल्याकडची जानेवारीची थंडी म्हणजे तिथला सुखाचा दिवस. हातमोजे असे घ्या की शटर दाबता येईल. थंडीत बॅटरी लवकर दम सोडते, म्हणून तीन घ्या आणि दोन शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

लेन्सचं फार पाल्हाळ लावत नाही. एक वाइड, एक सत्तर-दोनशे मिलीमीटरची टेली, लांबचं जवळ आणणारी. लोक वाइड लावून बसतात आणि मग म्हणतात फोटोत नुसतं आकाश आलं. सफेद्यांच्या रांगा टेलीनेच दाटतात. पण पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची फिरती काच, हवाच. ओल्या पानावर आकाशाची पांढरी चमक बसते आणि रंग खाऊन टाकते. पोलरायझर फिरवला की चमक उतरते आणि पान आतून लाल दिसतं. सूर्य खांद्याकडे असला की असर जास्त. वाइड लेन्सवर जपून, आकाश एका बाजूला काळंनिळं पडतं. पानाच्या मागून ऊन येत असेल तर काढून ठेवा, तिथे त्याचं काम नाही. आता मुद्दा: पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड गिळतो, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. म्हणजे पहाटे सेकंदाच्या तीसांशाचं शटर आठांशावर येतं. आठांशाला हातात कॅमेरा धरणार? ट्रायपॉड लागतो. आणि ट्रायपॉडला काय लागतं?

मी काय केलं ते सांगतोच. नसीम बाग, पावणेसातची वेळ, तळ्यावरून धुकं आत येतंय, चिनारांचे बुंधे एकामागे एक फिके होत गेलेले. एक किलो शेवेची पुडी बाकावर ठेवली, वर कॅमेरा. पहिले दोन फोटो बरे आले. मग शेव चुरत गेली, कॅमेरा हळूहळू नाक खाली घालू लागला, दर फोटोला कर्रर असा आवाज. पाव सेकंदाच्या शटरला शेव पुरत नाही. एका झाडावर क्यूआर कोडची पाटी होती. २०२५ मध्ये तिथल्या चिनारांची मोजणी करून अशा पाट्या लावल्यात. तिथल्या झाडालासुद्धा प्लेट होती.

जागांबद्दल. नसीम बाग डल तलावाच्या पश्चिमेला, हजरतबलजवळ, विद्यापीठाच्या आवारात. ओळखपत्र जवळ ठेवा. सकाळचं ऊन तिथे तळ्याच्या बाजूने येतं, म्हणून ती सकाळची जागा. निशात आणि शालीमार पूर्वेला, पाठीशी झबरवानचे डोंगर, सूर्य डोंगर चढून यायला उशीर लावतो. तिथे दुपारनंतर जा, तलावावरून येणारं ऊन सरळ झाडांवर पडतं. मी उलट केलं होतं एक दिवस, तेही सांगून टाकतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्योदय सातला दहा कमी, सूर्यास्त पाचवाजून चाळीसच्या आत, म्हणजे सकाळी झोपायला मिळतं. बागेच्या दारावर ट्रायपॉड बघून कोणी अडवलं तर वाद घालू नका, विचारा. तलावातल्या चार चिनार बेटावर शिकाऱ्यातून जाताना ट्रायपॉड उघडू नका, होडी हलते, तिथे प्लेट असूनही उपयोग नाही. (बाकी सगळीकडे आहे.) त्याच सुमारास पाम्पोरला केशर फुलतं, अर्धा दिवस काढा, जमिनीवर आडवं पडायची तयारी ठेवा.

पाला जाळून कोळसा करायची तिथे जुनी रीत आहे, कांगडीसाठी, म्हणजे अंगाशी धरायच्या शेगडीसाठी. आता पाला जाळायला मनाई आहे, तरी कुठे ना कुठे धूर दिसतोच. त्यात उन्हाच्या तिरिपी सुंदर येतात. दमा असणाऱ्यांनी लांबून बघावं.

कॅमेऱ्यात: रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न रांधलेली कच्ची फाइल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटो नको, तो पिवळ्याला ‘सुधारतो’; उन्हाचा किंवा ढगाळ ठेवा. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा, लाल आधी फाटतो आणि पानाची शीर न शीर जाऊन नुसता लाल डाग उरतो. थोडं अंधारं काढा. सफेद्याच्या पानाचा देठ चपटा असतो, ॲस्पेनसारखाच, त्यामुळे वाऱ्याच्या नुसत्या झुळुकेनेही पान थरथरतं. तिथे शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून जलद ठेवा किंवा थांबा. चिनारचं पान त्या मानाने शहाणं आहे.

आदल्या रात्री: कार्ड रिकामी, बॅटऱ्या भरलेल्या, लेन्सचं फडकं, टॉर्च. कॅमेरा उलटा करून बूड बघा. प्लेट दिसली? आता ट्रायपॉड उघडा आणि खरोखर बसवून बघा, नुसतं दिसून भागत नाही. माझ्या एका मित्राची प्लेट होती, पण वेगळ्याच हेडची. हसलो त्याच्यावर, आणि पुढच्याच महिन्यात हे.

बाहेरच्या थंडीतून उबेत शिरताना कॅमेरा बॅगेतच राहू द्या, लगेच काढलात तर काचेवर दव धरतं. रोज रात्री फोटो दुसऱ्या जागी उतरवा. अक्रोड घ्या. परतल्यावर कार्ड लगेच पुसू नका.

आणि परतल्या-परतल्या कोणाच्या बारशाला कॅमेरा मागितला तर सांगा, मोबाइलवर काढतो.