नवा टीव्ही आणण्यापूर्वी घराची तयारी

नवा टीव्ही घ्यायचे घरात ठरले, की दुकानाची वाट धरण्याआधी मोजपट्टी, पेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रे घेऊन बैठकीच्या खोलीत उभे राहावे. पडदा केवढा घ्यायचा, तो कोणत्या भिंतीला लावायचा आणि त्याला वीज कोठून द्यायची, हे घर पाहूनच ठरते. खोक्यावर छापलेले इंच हे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे माप असते. त्यामुळे ४३ इंचांचा पडदा भिंतीवर सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५४ सेंटीमीटर उंच भरतो, तर ५५ इंचांचा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६९ सेंटीमीटर उंच. वर्तमानपत्राचे कागद जोडून या मापाचा तुकडा कापावा, भिंतीला चिकटवावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. दार उघडताना तो आड येतो का, खिडकीचा उजेड दुपारी नेमका त्याच्यावर पडतो का, देवघराशी किंवा कपाटाशी दाटी होते का, हे घरातल्या सर्वांना आपोआप दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत, पाच-सहा फुटांवरून पाहणाऱ्या कुटुंबाला ४३ इंच पुरेसे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंचीबाबत दुकानातील मांडणीचे अनुकरण करू नये. आपल्याकडे संध्याकाळी अर्धे घर सतरंजीवर बसलेले असते. जमिनीवर बसलेल्या माणसाची नजर साधारण अडीच फुटांवर असते आणि खुर्चीवरील माणसाची साडेतीन ते चार फुटांवर. पडद्याचा मध्य या दोहोंच्या दरम्यान, जमिनीपासून तीन-सव्वातीन फुटांवर ठेवला, तर म्हाताऱ्या माणसांची मान अवघडत नाही. दाराच्या चौकटीच्या वर लावलेला टीव्ही शोभिवंत दिसतो, पण पाहायला त्रासाचा असतो.

मग भिंत तपासावी. पक्क्या विटांची किंवा काँक्रीटची भिंत असल्यास खिळ्या-गिट्टीवर स्टँड नीट बसतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीला लांब फास्टनर लागतात, हे वायरमनला आधीच सांगावे. माळवदाच्या जुन्या घरात, जेथे दगड आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आहेत, तेथे टीव्ही भिंतीला टांगूच नये. ड्रिल मातीत सहज शिरते आणि गिट्टी तितक्याच सहजपणे सुटून येते. अशा घरात सुताराकडून रुंद पायाचे मजबूत टेबल करून घ्यावे आणि लहान मुलांनी ओढून टीव्ही पडू नये म्हणून तो मागून पट्ट्याने टेबलालाच बांधावा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली छिद्र पाडू नये, कारण भिंतीतील वायरची नळी बहुधा तेथूनच गेलेली असते. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळावी. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याखालची खोली त्याहून तापते, आणि बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराचे कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास दिलेले असते. म्हणून मागे आणि वर निदान चार बोटे मोकळी जागा ठेवावी.

या सर्व तयारीत सर्वाधिक लक्ष विजेकडे द्यावे, कारण आपल्या भागात टीव्हीला खरा धोका तेथूनच असतो. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरच्या जाड छिद्राला अर्थिंगची, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत उतरवणारी, वायर जोडलेलीच नाही, असे कितीतरी घरांत आढळते. वायरमनला मीटर लावून तीन मापे घ्यायला सांगावीत: फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थिंग यांतही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांत शून्याच्या जवळ. दुसरे माप फार कमी किंवा तिसरे बरेच जास्त आले, तर टीव्हीच्या आधी अर्थिंग दुरुस्त करावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा उपयोग कमी होतो, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावे.

स्टॅबिलायझर हवा की नको, याचे उत्तर टीव्हीच्या पाठीवरील पट्टीत असते. तेथे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल, तर कमी दाबाची चिंता फारशी उरत नाही, पण वाढलेल्या दाबाची उरतेच. शेतातील मोटारी एकदम बंद झाल्या की दाब वर चढतो, आणि न्यूट्रल तुटल्यास तो ४०० व्होल्टच्या घरातही जाऊ शकतो. त्यामुळे स्टॅबिलायझर घ्यायचा तर जास्त दाबाला वीज तोडणारा घ्यावा. दोन इंच मोठ्या पडद्यावर जाणारे पैसे येथे खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दाटले आणि गडगडाट सुरू झाला, की टीव्हीचा प्लग काढावा आणि त्याबरोबर डिशची व इंटरनेटची केबलही काढावी; ही केबल काढायची बहुतेक ठिकाणी राहून जाते आणि विजेचा लोळ जवळ पडला तर झटका तिच्यातूनच आत येतो. स्पाइक गार्ड, म्हणजे झटका अडवणारा सॉकेटांचा बोर्ड, लहान झटके अडवतो, आकाशातील वीज अडवत नाही.

आता दुकानात जावे. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे केवळ करासाठी लहान आकारावर थांबण्याचे कारण राहिलेले नाही. पडद्याची गुणवत्ता पाहताना समोर उभे न राहता बाजूला सरकून पाहावे. घरातील माणसे खोलीभर पसरून बसतात, आणि काही पडद्यांचे रंग कडेने पाहिल्यावर फिके पडतात. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार: आयपीएस पडदा कडेनेही चांगला दिसतो, व्हीए पडद्याचा काळा रंग अधिक गडद असतो; भर उजेडाच्या आणि भरल्या घराच्या खोलीला पहिला बरा. सेट-टॉप बॉक्ससारखी उपकरणे जोडायची एचडीएमआयची तोंडे तीन असावीत आणि त्यांपैकी एकावर एआरसी लिहिलेले असावे, म्हणजे पुढे साउंडबार जोडता येतो. स्मार्ट टीव्हीत दोन जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नये. बीईईच्या (ऊर्जा बचतीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) तारांकित लेबलावर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेले असते. दोन टीव्हींची तुलना त्या आकड्याने करावी. सर्वात शेवटी, पण पैसे देण्याआधी, तालुक्याच्या गावी तंत्रज्ञ कोठून येतो आणि येण्याचे वेगळे पैसे घेतो का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे.

टेम्पोतून आणताना खोके उभेच ठेवावे आणि पडद्यावर दाब येईल असा दोर आवळू नये. वाहतुकीत फुटलेला पडदा सहसा वॉरंटीत बसत नाही, म्हणून खोके तंत्रज्ञासमोरच उघडावे व उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. टीव्ही प्रथम सुरू झाल्यावर तो घरासाठी आहे की दुकानासाठी, असे विचारतो. तेथे घर निवडावे, नाहीतर पडदा कायम डोळ्यांवर येईल इतका भडक राहतो. नंतर चित्राची पद्धत सिनेमाची ठेवावी, तीक्ष्णता कमी करावी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे एकरंगी चित्र पेन ड्राइव्हवरून एकेक लावून, जवळून पाहिल्यास बिघडलेला ठिपका लगेच दिसतो.

छतावरील डिशला आग्नेयेकडील आकाश मोकळे लागते, कारण डीडी फ्री डिश ज्यावरून दिसते तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्या बाजूला कडुलिंब वाढलेला असेल तर डिशची जागा आधीच बदलावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एचडी कार्यक्रम तासाला सुमारे तीन जीबी डेटा खातो, म्हणून रोज पाहायचे असल्यास ब्रॉडबँड पाहावे.

पडद्यावरची धूळ मऊ, कोरड्या कापडाने पुसावी. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे डाग पडतात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारात फोडायला देऊ नये, त्याच्या काचेत शिसे असते; तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावा. नव्या टीव्हीच्या बिलावर त्याच्या पाठीवरचा अनुक्रमांक लिहिलेला आहे याची खात्री करून बिलाचा फोटो काढून ठेवावा, आणि दुकानदार किंवा कंपनी दाद देईनाशी झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.