मृगाआधी करवंदाची जाळी ओळखून घ्या

रोहिणीचे चार शिंतोडे पडून गेले की डोंगरउतारावरची करवंदं संपत येतात. काळी पडलेली, थोडी सुरकुतलेली, पाखरांनी अर्धी टोचलेली फळं जाळीत खोलवर उरतात. खायला ती कुणाला नको असतात, पण बियाण्यासाठी नेमकी हीच हवीत. आणि वेळ अगदी थोडा आहे, कारण करवंदाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही. एका वर्षी मी निवडक जाळ्यांचं बी कागदाच्या पुडीत बांधून ठेवलं आणि भाताची लावणी उरकल्यावर, श्रावणात, पिशव्यांत टोकलं. शेकडा दोन-चार रोपं वर आली. बाकीच्या पिशव्यांत नुसतं गवत उगवलं. त्या एका चुकीने वईचं, म्हणजे बांधावरच्या जिवंत कुंपणाचं, काम पुरतं वर्षभर लांबलं, म्हणून हे आधी सांगतो: फळ फोडलं की गर धुऊन काढा, बी सावलीत सुकवा आणि आठवड्याच्या आत पेरा.

पण पेरण्याआधी झाड नीट ओळखायला हवं. दरवर्षी कुणी ना कुणी हौसेने गेळ्याची रोपं करवंद म्हणून बांधावर लावतो. फुलं येईपर्यंत फसगत लक्षातच येत नाही. दोन्ही काटेरी, दोघांची पानं समोरासमोर, दोघांची फुलं पांढरी आणि वासाची. ओळखायची खूण सोपी आहे. पान देठापाशी तोडा. करवंद असेल तर पांढऱ्या चिकाचा थेंब लगेच वर येतो, गेळ्याला चीक नसतो. गेळा आणि आळू (भाजीचं अळू नव्हे, रानातलं काटेरी झाड) ही कॉफीच्या कुळातली झाडं. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, म्हणजे तगर, पांढरा चाफा, सदाफुली, कुडा, सातवीण यांचं भावंड. या कुळात चीक सर्रास आणि विषारी झाडंही पुष्कळ, कण्हेर तर सर्वांना माहीत आहे. पिकलं फळ खुशाल खावं असं करवंद त्या घराण्यात वेगळं उठून दिसतं. नात्याचा पुरावा शेतातही मिळतो. कण्हेरीवर आणि तगरीवर येणारी जाड हिरवी, शेपटीला शिंगासारखं टोक असलेली अळी करवंदाच्या कोवळ्या पाल्यावरही येते. रोपवाटिकेत ती दिसली तर हाताने वेचा, तेवढ्यासाठी फवारणीची गरज नाही.

शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरांडस. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1767 मध्ये ते दिलं, आणि त्यातला ‘कॅरांडस’ हा शब्द आपल्याकडच्याच बोलीतल्या नावावरून गेलेला आहे. संस्कृतात याला करमर्द म्हणतात. काही पुस्तकांत हेच झुडूप कॅरिसा कंजेस्टा म्हणून सापडतं, त्याने गोंधळू नका. शोभेच्या रोपांत मात्र कधी कधी याचं आफ्रिकी भावंड, कॅरिसा मॅक्रोकार्पा, मिळतं. त्याचं फूल मोठं, चांदणीसारखं, पान जाड आणि गोलसर, फळ लालभडक. ते मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याकडचं. बागेत शोभतं, पण आपल्याला बांधाला हवी असलेली सह्याद्रीची जाळी ती नव्हे.

आता काटा पाहा. जाळीपाशी बसून एक फांदी हातात घ्या आणि शेंड्याकडे नजर न्या. बोरीचा काटा पानाच्या बुडाशी असतो, तो उपपर्णाचा, म्हणजे देठाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानाचा, झालेला असतो. गुलाबाचा काटा सालीचा, अंगठ्याने बाजूला लोटला तर तुटून येतो. करवंदाचा काटा या दोन्हींहून वेगळा आहे, तो म्हणजे फांदीच. वाढणारा शेंड्याचा डोळाच काट्यांच्या जोडीत बदलतो, आणि कधी कधी त्या काट्यालाही पुढे फाटा फुटतो. शेंडा असा बंद झाला की वाढ बाजूच्या दोन डोळ्यांकडे जाते. एकाच्या दोन फांद्या, दोनाच्या चार, आणि दर फाट्यावर काटे. आपण कात्री न लावताही करवंदाची जाळी का होते, त्याचं उत्तर इथे आहे. झुडूप स्वतःचा शेंडा स्वतःच खुडतं. मला या झाडाचं सगळ्यात जास्त अप्रूप याच गोष्टीचं वाटतं, आणि बांधावरचे बरेच निर्णय यावरूनच ठरतात.

पहिला निर्णय अंतराचा. झुडूप आपणहून पसरणार आहे, म्हणून रोपं खेटून लावू नका. वईसाठी दोन रोपांत पाऊण ते एक मीटर पुरे. गुरांचा त्रास फार असेल तर दोन ओळी नागमोडी घ्या. फळांसाठी स्वतंत्र लागवड करायची तर दोन ते तीन मीटर सोडा, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी आत हात घालून तोडणी करणं अशक्य होईल. दुसरा निर्णय छाटणीचा. फुलांचे घोस फांद्यांच्या टोकांना येतात, बहुतेक माघ-फाल्गुनात. दिवाळीनंतर वई ‘नीट’ करायला कोयता चालवला तर येणारा बहरच कापला जातो. छाटायचं ते आत्ता, फळं संपल्यावर आणि पाऊस लागण्याआधी. तेही फक्त वाटेवर आलेलं, वाळलेलं आणि आतून कुजलेलं.

‘कुठल्या जातीचं लावू?’ हा प्रश्न नेहमी येतो. आपण ‘जात’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो, तिथे घोटाळा होतो. करवंद ही वनस्पतीची एक जाती. त्यातून फळाचा आकार, गर, चव पाहून निवडलेला तो वाण. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण बोल्ड’ हा असा मोठ्या फळाचा वाण. उत्तराखंडातल्या पंतनगर कृषी विद्यापीठाचे ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ पांढरट फळावर गुलाबी झाक असलेले, ते लोणच्या-मुरंब्याच्या कामाचे. डोंगरची काळी मैना वेगळी आणि ही वेगळी दिसली, तरी जाती एकच. लहानपणी आपण फळ दातांनी फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायचो, आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. त्यावरून वाण ठरवू नका. एका ओंजळीतही दर फळाला उत्तर बदलतं, म्हणून तर तो खेळ रंगतो.

वाण टिकवायचा तर बी उपयोगाचं नाही. बियांपासून आलेली रोपं एकसारखी निघत नाहीत. कोकण बोल्डचं बी पेरलं म्हणजे कोकण बोल्ड मिळालं असं होत नाही. त्यासाठी मृदुकाष्ठ कलम (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर हव्या झाडाची काडी बांधून केलेलं) किंवा पावसाळ्यात बांधलेली गुटी (झाडावरच्याच फांदीची साल काढून, तिथे ओलं शेवाळ गुंडाळून फोडलेली मुळं) हवी. तुमच्या रानात एखादी जाळी दरवर्षी टपोरी, गोड फळं देत असेल तर यंदा आषाढात तिच्यावर गुट्या बांधाच. नुसत्या फांद्या रोवून फारशी मुळं फुटत नाहीत. वईसाठी मात्र बियांची रोपंच उत्तम, कारण खर्च कमी, मूळ खोल आणि झाडाझाडांत फरक असलेलाही चालतो. उलट बी पाच-दहा वेगवेगळ्या जाळ्यांचं मिसळून घ्या.

पेरणी पिशवीत करा. माती आणि कुजलेलं शेणखत, खाली पाणी निथळायला भोकं, पिशवीत दोन-तीन बिया अर्धा इंच खोल. सरीचा मारा थेट बसणार नाही अशा आडोशाला ठेवा. रोप सुरुवातीला फार सावकाश वाढतं, त्याला घाबरू नका. यंदाचं रोप यंदाच बांधावर लावायची घाई नको, ते पुढच्या मृगाला. या जूनमध्ये लावायची ती गेल्या वर्षीची रोपं. वईसाठी फूटभर खड्डा, कलमांसाठी दीड फूट, तळाला शेणखत. कातळावरची, मुरमाड, वरकस जमीन याला चालते. चालत नाही ते साचलेलं पाणी, म्हणून खाचराच्या कडेला बांधाच्या माथ्यावर लावा, पायथ्याला नाही. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी आणि शेळ्यांपासून राखण एवढं सांभाळलं तर साधारण तिसऱ्या वर्षी फळ दिसू लागतं.

रानातल्या जुन्या जाळ्या मुळासकट उपटून आणू नका. त्या बहुधा जगत नाहीत, आणि बुलबुलांचं उन्हाळ्यातलं खाणं जातं. बी गोळा करतानाही जाळीची वरची फळं त्यांच्यासाठी सोडा, खालची आणि पडलेली आपल्याला पुरतात. टोपली घेऊन जायचं तर या आठवड्यातच, मृगाची पहिली मोठी सर आली की खाली पडलेली फळं दोन दिवसांत कुजतात.