गिअर लिव्हर लटपटतोय? लिंकेज बदलताना या चुका टाळा

बाइकचा गिअर अडकतो, न्यूट्रल सापडत नाही, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच खोटं न्यूट्रल लागतं, म्हणजे गिअर न पडता गाडी मोकळीच राहते. अशी तक्रार घेऊन गेलात की क्लच प्लेट नाहीतर गिअरबॉक्सचंच नाव निघतं. पण दोष नुसता लिंकेजमध्ये, म्हणजे लिव्हरपासून गिअर शाफ्टपर्यंतच्या जोडणीतही असू शकतो. खर्चाला होकार देण्याआधी गाडीच्या डाव्या बाजूला जरा उकिडवं बसा.

इंजिन बंद, गाडी स्टँडवर. लिव्हर हाताने हळूच वरखाली करा आणि नजर ठेवा इंजिनातून बाहेर आलेल्या गिअर शाफ्टच्या टोकावर. लिव्हर हलतोय पण शाफ्ट जागचा हलत नाही, म्हणजे प्ले (ढिलाई) बाहेरच आहे: बॉल जॉइंटमध्ये (गोळीच्या फिरत्या सांध्यात), लिव्हरच्या बुशमध्ये किंवा शाफ्टच्या दात्यांवर. शाफ्ट लगेच फिरतोय आणि तरी गिअर नीट पडत नाही, तर आधी क्लच केबल बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच लिव्हरच्या टोकाशी 10 ते 15 मिमी प्ले लागतो. आणि रेस दिल्यावर टाकलेला गिअर आपोआप सुटत असेल, तर दुखणं बहुतेक आतलं आहे. तिथे नवीन लिंकेज लावून काही उपयोग नाही.

स्प्लेंडरसारख्या गाडीत लिव्हर थेट शाफ्टवर बसतो. आर15 सारख्या, फुटरेस्ट मागे असलेल्या गाडीत मध्ये रॉड आणि दोन बॉल जॉइंट येतात. पण सगळ्यात महागात पडणारी चूक दोन्हीकडे एकच.

ढिला बोल्ट तसाच चालवणं

शाफ्टच्या दात्यांवर घट्ट बसणाऱ्या पकडीला एकच बोल्ट असतो, बहुधा 6 मिमीचा, दहा नंबरच्या पान्याचा. तो ढिला राहिला की प्रत्येक गिअरला दाते थोडे थोडे झिजतात. पकडीचे दाते गेले तर स्वस्तात सुटलात. शाफ्टचे गेले तर बहुतेक गाड्यांत क्लच कव्हर उघडून शाफ्ट त्या बाजूने ओढून काढावा लागतो, म्हणजे ऑइल, गॅस्केट, मजुरी सगळं आलं.

मग सुचतो जुगाड: दात्यांत पत्र्याची पट्टी कोंबायची, नाहीतर सरळ वेल्डिंग मारायचं. पट्टी घरी पोहोचण्यापुरती ठीक. वेल्डिंगला मात्र ठाम नाही म्हणा. उष्णतेने शाफ्टचं ऑइल सील जातं, करंटमुळे इलेक्ट्रॉनिक्सला धोका, आणि पुढे त्या बाजूचं कव्हर काढायचं झालं की ग्राइंडरशिवाय पर्याय नाही. मेस्त्री ‘आयुष्यभर हलणार नाही’ म्हणतो ते खरंच असतं, अडचण तीच आहे.

उलट टोकाची चूक म्हणजे पाइप लावून आवळणं. एवढ्याशा बोल्टला साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर पुरतात; गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. सुटण्याची भीती वाटत असेल तर निळ्या थ्रेडलॉकचा (आट्यांना लावायच्या गोंदाचा) एक थेंब लावा, लाल नको.

काढताना घाई

बोल्ट नुसता ढिला करून पकड ओढू नका. बऱ्याच शाफ्टला खाच असते आणि बोल्ट तिच्यातून आडवा जातो, त्यामुळे तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. तरीही अडलं तर फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून अलगद फाकवा. हातोडी नको, मार थेट इंजिनाच्या आत पोहोचतो.

काढण्याआधी शाफ्ट आणि पकडीवर मार्करने एक सरळ रेघ ओढा आणि रॉडची लांबी बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून ठेवा. फोटोही काढा. पकड उलटी, म्हणजे वरच्याऐवजी खाली तोंड करून बसवली, तर गिअरचा क्रमच उलटा होतो. वरचा टाकायला जाल आणि खालचा पडेल.

रॉडच्या एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात. म्हणूनच रॉड न काढता नुसता फिरवून लांबी बदलता येते. हे माहीत नसलं की चेक नट (रॉडची लांबी जागेवर पक्की धरणारा नट) सोडवतोय असं समजून माणूस तो आवळत जातो आणि आटे खाऊन टाकतो.

बसवताना

लिव्हर फार वरखाली असेल तर आधी पकड एक दाता सरकवा, बारीक फरक रॉडने काढा. रॉडने खूप अंतर भरून काढायला गेलात तर जॉइंट मोजक्याच आट्यांवर लटकतो. लिव्हर मधल्या स्थितीत असताना रॉड आणि पकड यांच्यात काटकोनाच्या जवळचा कोन हवा, नाहीतर एका बाजूचा गिअर जड लागतो. मग चेक नट आवळा. रोजचा बूट घालून बसून बघा, लिव्हर लेग गार्डला किंवा स्टँडला टेकत नाही ना. मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर टाकून पाहा.

देखभाल फारशी नाही. पावसाळ्यानंतर बॉल जॉइंट पुसून, रबर फाटलंय का बघून थोडं ग्रीस. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. तो दोन पावसांत धुऊन जातो. शाफ्टच्या मुळाशी सतत ओला काळा चिखल साचत असेल तर तो चेनच्या ल्यूबचा असेलच असं नाही. पुसून एक फेरी मारा. पुन्हा ओलं झालं तर ऑइल सील गेलंय. ते बऱ्याच गाड्यांत इंजिन न उघडता बाहेरूनच बदलता येतं, तेव्हा लिंकेज काढलेलंच असताना तेही उरकून घ्या.