बीएमआय काढा, पण टेपही गुंडाळा : घरच्या घरी वजन कसं तपासावं

दादरला राहणारे माझे मामा उंचीला 5 फूट 6 इंच, वजन 64 किलो. लोकलने रोज ये-जा, हातपाय काटकुळे. घरात सगळे म्हणायचे, ‘मामांना काय धाड भरलीय!’ त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, येतो 22.7, म्हणजे अगदी निर्धोक. पण उपाशीपोटीची साखर 118 निघाली. 100 ते 125 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्या दिवशी मी त्यांच्या पोटाभोवती टेप गुंडाळली, तर ती 38 इंचांवर टेकली. हा लेख त्या टेपेमुळेच लिहितेय.

आधी आकडा काढा

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी करावं. काटा गादीवर किंवा सतरंजीवर नको, सपाट लादीवर ठेवा. स्टेशनावरच्या दिव्यांच्या मशीनवर बूट आणि बॅगेसकट केलेलं वजन यासाठी धरू नका.

उंची पुन्हा मोजा. कॉलेजात असतानाची उंची आपण जन्मभर सांगत राहतो, पण वय वाढतं तशी ती थोडी कमी होते. अनवाणी पायांनी, टाचा भिंतीला लावून उभं राहा, डोक्यावर वही आडवी धरा आणि कुणाला तरी पेन्सिलीने खूण करायला सांगा.

आता मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. मामांचं उदाहरण घेऊ. 5 फूट 6 इंच म्हणजे 1.68 मीटर: 64 भागिले 1.68 म्हणजे 38.1, त्याला पुन्हा 1.68 ने भागलं की 22.7.

आकडा आपल्या मापाने वाचा

इंटरनेटवरच्या बऱ्याच तक्त्यांत 25 पर्यंत सगळं ठीक दाखवतात. भारतीयांसाठी डॉक्टर वेगळी रेघ आखतात: 18.5 ते 22.9 योग्य, 23 पासून वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा. कारण तेवढ्याच वजनात आपल्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि ती पोटात साठते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. तिथले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3 होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! दोघांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आकडा तोच, आतलं शरीर निराळं.

यात बीएमआयचा दोष म्हणावा तर एवढाच, की त्याच्याकडून नको ते काम करून घेतलं गेलं. हे सूत्र केतले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलं. त्याला माणसांच्या समूहाची सरासरी हवी होती, एकेका माणसाची तब्येत तपासायची नव्हती. वजनातलं हाड किती, स्नायू किती, चरबी किती, हे त्या भागाकाराला कळत नाही. 1.70 मीटर उंचीचा, 76 किलोचा, दिवसभर गोणी उचलणारा माथाडी कामगार 26.3 वर जाऊन ‘लठ्ठ’ ठरतो, मग त्याची कंबर 32 इंच का असेना.

म्हणून टेप घ्या

शिंप्याकडे असते तसली साधी इंचटेप पुरते. पँटचा नंबर सांगू नका. पुरुषमंडळी पट्टा पोटाखाली बांधतात आणि 34 नंबर वर्षानुवर्षं तसाच राहतो. बरगडीचं सर्वांत खालचं हाड चाचपा, मग कमरेचं वरचं हाड. दोन्हींच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर टेप आडवी फिरवा. ती पाठीमागे घसरलेली नाही ना, हे आरशात पाहा. श्वास सहज सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढायचं नाही! दोनदा मोजा.

पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंटिमीटर, बायकांसाठी 80. आणखी सोपी खूण म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. मामांची उंची 168, म्हणजे 84 च्या आत हवी होती, भरली 96.5, म्हणजेच ते 38 इंच.

मग काय करायचं

दोन्ही आकडे मर्यादेत असतील तर वर्षातून एकदा मोजलं तरी चालेल. कंबर मर्यादेबाहेर असेल, तर बीएमआय कितीही सुंदर असो, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल तपासून फॅमिली डॉक्टरांकडे जा. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर टेपेची वाट न पाहता या तपासण्या करा.

गरोदर बाईने हे हिशेब करू नयेत. लहान मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात, ते बालरोगतज्ज्ञांकडून समजून घ्या. शाळेतल्या मुलीला मोठ्यांच्या तक्त्यावरून ‘जाडी’ म्हणणं मला फार क्रूर वाटतं. आणि सत्तरीतल्या आजीचं वजन आपोआप उतरत असेल, तर ‘बरं झालं, बारीक झाली’ म्हणू नका. स्नायू झिजत असतील किंवा आत काही आजार असेल, डॉक्टरांना दाखवा.

मामांनी रात्रीचा भात निम्मा केला आणि संध्याकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या सुरू केल्या. सहा महिन्यांत वजन उतरलं फक्त 2 किलो, त्यामुळे ते खट्टू झाले होते. मामींनी टेप काढली. 36 इंच. तो आकडा त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलाय.