घानाला पंधरा दिवस: आधी गोळ्या मोजा

विद्यापीठाच्या कामासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या घानाला जायचं ठरलं की सगळे तिकिटामागे लागतात. तिकीट मिळेल. आधी मलेरियाच्या गोळ्या मोजा. या प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू होतात, तिथे चालू राहतात आणि त्यातल्या बहुतेक परत आल्यावर चार आठवडे घ्याव्या लागतात. हा शेवटचा भाग मागच्या वेळी मी सोडला आणि घरी आल्यावर फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाने दवाखान्यात भरती झाले. म्हणून यादीची सुरुवात इथून.

डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिलं, तर १०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी. निघण्याआधी २, मुक्कामात १५, परतल्यावर २८. झाल्या ४५. दहाच्या पाच पट्ट्या. केमिस्ट विचारतो, ‘एवढ्या कशाला?’ घ्या पाचही, निघण्याआधीच. परतल्यावर आणू म्हटलं की प्रवासाचा शीण, बुडलेली लेक्चर्स, सबमिशन, यात ते राहून जातं. कारणही समजून घ्या, म्हणजे गोळी चुकणार नाही. डास चावल्यावर मलेरियाचा परजीवी आधी यकृतात जाऊन वाढतो. तिथे डॉक्सीसायक्लिनचा फारसा जोर चालत नाही, ते त्याला गाठतं रक्तात. शेवटच्या रात्री राजधानी अक्रात चावलेल्या डासाने दिलेला परजीवी रक्तात उतरेल तेव्हा तुम्ही सांगलीत घरी झोपलेले असाल. त्या वेळी अंगात औषध हवं. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही काम करतं, म्हणून ते परतल्यावर सात दिवस पुरतं, पण महाग पडतं. मेफ्लोक्विन आठवड्याला एकच, मात्र ते किमान दोन आठवडे आधी सुरू करायचं आणि नैराश्याचा किंवा फिट्सचा त्रास असेल तर घ्यायचंच नाही. क्लोरोक्विन तिथल्या फाल्सिपेरमवर भरवशाचं राहिलेलं नाही, घरात पडलेली पट्टी उचलून नेऊ नका. कुठली गोळी हे डॉक्टरांना ठरवू द्या. किती लागतील हे स्वतः मोजा.

डॉक्सीसायक्लिन जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते. या गोळीमुळे उन्हात कातडी लवकर भाजते, तेव्हा सनस्क्रीन आणि टोपी हवीच.

‘आपल्याला काय डास नवे आहेत?’ असं म्हणणारे मला फार भेटतात. आपल्याकडे व्हायवॅक्स या तुलनेने सौम्य मलेरियाचं प्रमाणही बरंच असतं, पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सगळा फाल्सिपेरम. उपचाराला उशीर झाला तर तो मेंदूवर जातो. ‘पुण्यात मलेरियाची लस बनते ना, ती घेतो’ हेही ऐकलंय. बनते, आणि २०२३ मध्ये तिला पहिली मान्यता घानानेच दिली. पण ती ५ ते ३६ महिन्यांच्या बाळांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. तुमच्यासाठी गोळ्याच.

पिवळ्या तापाची लस. हिच्याशिवाय घानात प्रवेश नाही. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, घराजवळच्या डॉक्टरांकडे नाही. एका कुपीत बरेच डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बरीच केंद्रं ठरलेल्या वारीच लस देतात. तारीख आधी घ्या. मूळ पासपोर्ट न्या, अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते लागू होतं दहा दिवसांनी, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर तिथल्या तिथे वाचून घ्या. आणि कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. अक्रात उतरल्यावर ते बघतात इमिग्रेशनच्या आधी, आणि सामानाचा पट्टा असतो नंतर. मोठ्या बॅगेत टाकलेलं कार्ड त्या क्षणी काहीच कामाचं नाही.

व्हिसासाठी यजमान विद्यापीठाचं निमंत्रणपत्र लागेल, ते लवकर मागवा. तिथल्या प्राध्यापकांना एकदा मेल करून गप्प बसू नका, आठवण करा. पासपोर्टची मुदत, फोटो, विमा, झेरॉक्स हे सांगायला नको.

औषधांच्या पिशवीतून ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी काढून टाका. तिथे त्याचा नशेसाठी फार गैरवापर झाला आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गोळ्या भारतातून गेलेल्या. टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या अशाच औषधांच्या मिश्रगोळ्यांची निर्यात आपल्या सरकारने २०२५ मध्ये थांबवली ती याच कारणाने. भारतीय पासपोर्ट आणि बॅगेत तशी गोळी, ही वेळ येऊ देऊ नका. बाकी औषधं मूळ पट्टीत, चिठ्ठीसकट. डॉक्सीच्या पाचांपैकी दोन पट्ट्या हातातल्या बॅगेत, एक मोठ्या बॅगेत, उरलेल्या दोन घरी देवघराजवळ, रोज दिसतील अशा.

पैसे: रुपये तिथे बदलून मिळणं अवघड. डॉलर न्या, नव्या आणि न मळलेल्या नोटा. जुन्या, फाटक्या परत करतात. मोठ्या नोटेला भाव बरा मिळतो. एटीएमसाठी ‘व्हिसा’ कंपनीचं बँक कार्ड, बँकेत परदेशी वापर सुरू करून. तिथलं चलन सेडी.

कपड्यांत लष्करी छापाचं काही नको, घानात सामान्य माणसाने तसे कपडे घालणं बेकायदा आहे. कॉलेजातली तसली पँट घरीच राहू द्या. संध्याकाळसाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, मलेरियाचा डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. डीईईटी (DEET) असलेलं डास पळवणारं क्रीम घ्या, सनस्क्रीनच्या वरून लावायचं. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर हरमॅटन वाऱ्याबरोबर सहारातली धूळ येते. दम्याचा पंप, मास्क. चौकोनी तीन पिनांचा अ‍ॅडॅप्टर.

शाकाहारी असाल तर नीट ऐका. भाजीत मांस नाही म्हणजे ती शाकाहारी झाली असं तिथे नसतं. पाल्याच्या कोन्तोमिरे भाजीत सुकवलेली मासळी पडते आणि काळ्या शितो चटणीतही सुकी कोलंबी असते. ‘मासा आहे का?’ असं वेगळं विचारा. ‘वाचे’ (waakye) म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, तळलेली केळी आणि ‘रेड-रेड’ ही चवळीची उसळ पोटभर होते, पण तिथेही विचारूनच. सोबत थोडे मेतकूट-पोहे असू द्यात.

तिथे पोचल्यावर: पासपोर्टवर सिम घ्या. देणंघेणं उजव्या हाताने. लष्करी इमारतींचे फोटो नाहीत. केप कोस्ट आणि एल्मिनाचे किल्ले बघा, घाईत नको. तिथल्या कोठड्यांतून गुलामांना जहाजांवर चढवलं जायचं, तिथे हसऱ्या सेल्फी काढू नका. ट्रोट्रो म्हणजे तिथल्या मिनीबस, त्यांच्यासाठी सुट्टे ठेवा. रात्रीच्या जेवणानंतर गोळी.

परतताना पिवळं कार्ड पुन्हा हातात, भारतात उतरल्यावरही मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

घरी आल्यावर डॉक्सीच्या २८ गोळ्या. फोनमध्ये रोजचा गजर लावा, आईलाही सांगा. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी घानाहून आलोय’ हे सांगा, नाहीतर पावसाळ्यात व्हायरल किंवा डेंग्यू समजून दोन दिवस जातात. त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा. निगेटिव्ह आलं आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी परत तपासा.