लिवा की साठ, बाई! आयतालेखाचा आकार कसा वाचायचा

फेब्रुवारी २०११. जनगणनेच्या ड्यूटीवर पाटण तालुक्यातल्या एका वाडीत दारोदार फिरत होते. एका आजींना वय विचारलं. "लिवा की साठ, बाई." आणि थोरल्याचं? "त्यो भूकंपात पाळण्यात हुता. धरा चाळीस." कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७चा, म्हणजे पाळण्यातलं ते पोर आता त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं. त्याचं वय मी हिशेब करून दुरुस्त केलं. आजींचं मात्र साठच राहिलं.

आयतालेख म्हणजे नोंदींचे गट पाडून प्रत्येक गटाचा एकेक आयत शेजारी शेजारी काढलेली आकृती. तो वाचायला शिकवताना मी हीच गोष्ट सांगते. दहावीच्या मुलांना आयतालेख काढता येतो. पट्टी, टोकदार पेन्सिल, अक्षावरची ती नागमोडी खूण, सगळं जागच्या जागी. पण "यात दिसतंय काय?" म्हटलं की वर्ग गप्प.

सगळ्यात आधी वर्गांची, म्हणजे नोंदींच्या या गटांची, रुंदी बघा. आकार बघायचा तो त्यानंतर. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. ठरावीक वेळाने उसळतो, थांबतो, पुन्हा उसळतो. दोन उसळ्यांमध्ये किती मिनिटं गेली याच्या २७२ नोंदी 'आर' या संगणकप्रणालीत आयत्या मिळतात. २०-२० मिनिटांचे वर्ग केले तर ४० ते ६० मध्ये ८३ नोंदी, ६० ते ८० मध्ये १०५ आणि ८० ते १०० मध्ये ८४. मधे उंच, दोन्हीकडे सारखा उतार, अगदी पुस्तकातल्यासारखी टेकडी! सरासरीही ७१ मिनिटांच्या आसपास येते. आता तीच आकडेवारी ५-५ मिनिटांच्या वर्गांत मांडा. ५० ते ५५ मध्ये ३३ नोंदी, ८० ते ८५ मध्ये ५५, आणि ६५ ते ७० मध्ये फक्त १०. टेकडीच्या जागी खिंड निघाली, आणि सरासरी त्या खिंडीच्या काठावर बसलेली. म्हणून एकच रुंदी घेऊन थांबू नका, दोन-तीन तरी करून बघा. सुरुवातीला किती वर्ग घ्यायचे हे सुचत नसेल तर नोंदींच्या संख्येचं वर्गमूळ घ्या. अडाणी नियम आहे, पण कामाचा.

दोन उंचवटे दिसले की मी मुलांना एकच प्रश्न विचारते: इथे कोणत्या दोन गोष्टी एकात कालवल्यात? ओल्ड फेथफुलचं उत्तर सरळ आहे. उसळी थोडा वेळ टिकली तर पुढची लवकर येते, जास्त वेळ टिकली तर पुढचीला उशीर होतो. अशा वेळी एक सरासरी सांगण्यापेक्षा दोन गट वेगळे करा आणि दोन आकडे सांगा.

शेपूट ओळखणं सोपं. मुंबईचा दिवसागणिक पाऊस घ्या. पावसाळ्यातले पुष्कळ दिवस डावीकडे, थोड्याफार मिलिमीटरांत उरकतात आणि उजवीकडे लांब शेपूट जातं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला, तो त्या शेपटाच्या पार टोकाला. असे दिवस सरासरीला आपल्याकडे ओढतात, मध्यक (नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) मात्र फारसा हलत नाही. म्हणून शेपूट लांब असेल तर मध्यक सांगा. आणि ते टोक 'चुकीची नोंद' म्हणून खोडू नका. तो दिवस ज्यांनी पाण्यात काढला त्यांना विचारा.

आता आजींकडे येऊ. जनगणनेचा सी-१३ हा तक्ता एकेका वर्षाच्या वयाचा आहे. त्याचा आयतालेख काढला तर तो कंगव्यासारखा दिसतो: ३०, ४०, ५०, ६० वर मनोरे, ३५, ४५ वर जरा बुटके, आणि २९, ३१ किंवा ५९, ६१ खड्ड्यात. ठरावीक अंतराने असे एकटे मनोरे दिसले तर तो माणसाचा हात समजा. कोणीतरी अंदाजाने, गोल आकड्यात सांगितलंय. तराजूच्या, रक्तदाबाच्या हाताने लिहिलेल्या वह्यांतही हेच दिसतं.

पाच वर्षांचे गट केले की कंगवा दिसेनासा होतो, पण जात नाही. छापील तक्त्यांत ५५-५९ आणि ६०-६४ हे गट जवळपास सारखे दिसतात आणि ६५-६९ला एकदम घसरण होते. पायरी खरी वाटते. पण तिच्यात अठ्ठावन्न-एकोणसाठचे 'साठ' लिहिलेले लोकही आहेत. शेवटचा '८० आणि पुढे' हा गट तर उघड्या तोंडाचा. त्याचा आयत पाच वर्षांच्या रुंदीचा काढलात तर टोकाला खोटा मनोरा उभा राहील, कारण आयतालेखात उंची नव्हे, क्षेत्रफळ बोलतं.

यावर मी करते तो उपाय असा: सी-१३ हाती असेल तर गट ६०-६४ असे न करता ५८-६२, ६३-६७ असे करायचे. मग साठचा ढीग गटाच्या मधोमध येतो आणि साठ सांगणारे शेजारच्या वयांचे बहुतेक लोक आपल्याच गटात राहतात. आमच्या आजी मात्र यातूनही निसटतील. थोरला ६७ सालचा आणि त्या खरोखर साठच्या, तर तो झाला तेव्हा त्या सोळा-सतराच्या असणार. मला त्या पासष्टच्या वाटल्या होत्या.